आपलं शटर पडल्यावर गल्लीचं काय होतं?

झेरॉक्सकाकू | शुक्रवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज जरा वेगळं विचारायचं आहे.

पुण्यात पौड रस्त्यावरून आत, आयडियल कॉलनी मेट्रो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. एकवीस वर्षं त्याच गाळ्यात. गेल्या आठवड्यात एका पोराच्या प्रोजेक्टच्या स्पायरल बाइंडिंगपायी मला उशीर झाला. अकरा वाजून गेले होते. शटर अर्धं खाली ओढून गल्ला मोजत होते, तर शटरखालून दोन पांढरे बूट दिसले. गिऱ्हाईक असतं तर वाकून हाक मारतं. हे बूट नुसते उभे. मीच "कोण आहे?" म्हटलं, तेव्हा आवाज आला, "काकू, पाच मिनिटं आत येऊ का?"

बावीस-तेवीसची मुलगी. स्टेशनपासून एक बाइकवाला हेडलाइट बंद करून तिच्या चालीने मागे मागे येत होता. मी तिला आत घेतलं आणि शटर पूर्ण वर केलं, सगळे दिवे लावले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. अंधारात दडून बसण्यापेक्षा उजेडात बसलेलं बरं, असं काहीतरी वाटलं. बाइक दोनदा पुढून गेली, तिसऱ्यांदा आली नाही. मग आमचे हे तिला घरापर्यंत सोडून आले. जाताना त्या पोरीने दहा रुपयांचं पेन विकत घेतलं. नको म्हटलं तर म्हणे, "फुकट कसं बसायचं?"

त्या दिवसापासून मी आमची गल्ली घड्याळ लावून बघतेय. एकूण नऊ दुकानं: डेअरी, मेडिकल, पोळीभाजी केंद्र, सलून, इस्त्रीवाला, शिंपी, मोबाइल रिपेअरिंग, किराणा आणि मी. नऊच्या नऊ दुकानं साडेनऊ ते दहाच्या दरम्यान बंद होतात. मेट्रो २०२५ च्या जानेवारीपासून रात्री अकरापर्यंत धावते. म्हणजे माणसं उतरून चालत येतात तेव्हा गल्लीत फक्त कुत्री जागी. महापालिकेचा दिवा आहे, पण त्याच्याभोवती गुलमोहर इतका वाढलाय की सगळा उजेड झाडालाच.

तर प्रश्न असा, की आम्ही दुकानदार यात नेमकं काय करू शकतो? "पोलिसांनी गस्त वाढवावी" हे उत्तर मला माहीत आहे. ते सोडून सांगा.

शनिवारातला | शुक्रवार, रात्री १०:५८

दुपारी एक ते चार झोपणाऱ्यांना रात्री अकरापर्यंत जागं ठेवायचं म्हणता? क्रांतीच की.

सीट_क्र_४२ | शुक्रवार, रात्री ११:०३

हा विनोद आला नाही असा पुण्याचा एकही धागा नाही. पाचव्या नाही, पहिल्याच प्रतिसादात आला, अभिनंदन.

काकू, तुम्ही शटर वर केलंत ते भारी. मी सदाशिव पेठेत राहते, एमपीएससी करते. आमच्याकडे रात्री अकराला एका अभ्यासिकेतून साठ-सत्तर मुलंमुली एकदम बाहेर पडतात आणि दोन मिनिटांत पांगतात. त्यानंतर जी एकटी उरते तिचं काय? आमच्या आधीच्या अभ्यासिकेत मालक बरोबर अकराला जिन्याचा दिवाही घालवायचे. खाली चपला शोधायच्या त्या मोबाइलच्या उजेडात. वीज वाचते म्हणे. आत्ताच्या अभ्यासिकेतले काका पावणेअकराला एक फेरी मारतात आणि नुसतं विचारतात, "नारायण पेठेकडे कोण कोण? टिळक रोडला कोण?" बस्स. त्याने आपोआप गट पडतात. फीमध्ये एक रुपया वाढला नाही.

फेज_न्यूट्रल | शुक्रवार, रात्री ११:३०

मी वायरमन. माझ्या लायनीतलं सांगतो.

दुकानदार पैसे घालतो पाटीवर. मोठा बॅकलिट बोर्ड, पांढराफेक उजेड, सरळ डोळ्यात. त्याच्यासमोरून चालणाऱ्याची नजर दिपते आणि शेजारच्या बोळातलं काही दिसत नाही. म्हणजे बोर्ड जितका झगझगीत तितका बाजूचा अंधार जास्त गडद. उजेड पायाखाली पाहिजे आणि समोरून येणाऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिजे. छज्जाच्या खालच्या बाजूला, आठ-नऊ फुटांवर, तोंड खाली करून, पिवळसर रंगाचा ९ वॅटचा एलईडी. डे-नाइट सेन्सर बसवा, म्हणजे लावायला-घालवायला कुणी नको. दहा ते सहा आठ तास धरले तर महिन्याला सव्वादोन युनिटसुद्धा होत नाहीत. कमर्शियल दर कितीही महाग धरा, चार चहाचे पैसे.

माणूस आल्यावर पेटणारे सेन्सरचे दिवे स्वस्त पडतात, पण गल्लीसाठी मला ते आवडत नाहीत. रात्रभर कुत्र्यांनी लावले-विझवले की शेजारी वैतागतात आणि चौथ्या दिवशी कुणीतरी वायर ओढून ठेवतं.

दुसरं, शटर. पत्र्याचं सलग शटर पडलं की दुकानाची भिंत होते. जाळीचं शटर आणि आत एक दिवा चालू, हे सराफ लोक कधीपासून करतात, त्यांच्या मालासाठी. पण त्याचा उजेड फुटपाथवर फुकट पडतो. नवीन शटर करणार असाल तेव्हाच विचार करा, मुद्दाम बदलायला सांगत नाही.

गुलमोहराला स्वतः हात लावू नका. झाडांचा १९७५ चा कायदा आहे, परवानगी लागते. दिव्याच्या खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो टाकून महापालिकेकडे तक्रार करा. नुसतं "आमच्या गल्लीत अंधार आहे" लिहिलं तर माणूस येतो, भलत्याच गल्लीत जातो आणि "दिवा चालू आहे" म्हणून तक्रार बंद होते.

झेरॉक्सकाकू | शुक्रवार, रात्री ११:४४

शेवटचं वाक्य अगदी आमच्याबाबतीत घडलंय, दोनदा! खांबाचा नंबर उद्या बघते.

बघ्या | शनिवार, सकाळी ९:१५

धागा वाचून छान वाटलं, आता जरा थंड पाणी ओततो.

एक, रस्ता महापालिकेचा, सुरक्षा पोलिसांची. दोन्हीसाठी आपण कर भरतो. उद्या दुकानदारांनी दिवे लावले की परवा "तुमच्या गल्लीत दुकानदार लावतात ना?" म्हणून खांबाचा दिवा दुरुस्त व्हायचा नाही. दोन, स्वारगेट बस स्थानकात २०२५ च्या फेब्रुवारीत पहाटे एका तरुणीवर बलात्काराचा जो प्रकार झाला तिथे अंधार होता का? माणसं नव्हती का? पोलीस लांब होते का? तिला बस दुसरीकडे लागली आहे असं सांगून उभ्या बसकडे नेलं, अशी तक्रार आहे. आणि सदाशिव पेठेत जून २०२३ मध्ये एका मुलीवर कोयत्याचा हल्ला भर सकाळी झाला. पाठलाग करणारा दुकानाच्या बल्बला घाबरत नाही.

तीन, स्वानुभव. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. समोर एकदा मारामारी झाली, मी माझ्या कॅमेऱ्याचं फुटेज आपणहून दिलं. पोलिसांनी डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्रच, नेला तो सात आठवडे परत नाही. चार वेळा चौकीत जाऊन बसलो, दुकान बंद ठेवून. तेव्हापासून कॅमेरा गल्ल्याकडे वळवलाय. मला भित्रा म्हणा.

सीट_क्र_४२ | शनिवार, सकाळी ९:५०

२०२३ चं तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्या मुलीला वाचवलं ते तिथून जाणाऱ्या, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांनीच. बघणारे पुष्कळ होते. पुढे होणारे दोघं-तिघं. म्हणजे प्रश्न बल्बचा नाहीच, प्रश्न "आता मी काय करायचं" हे आधीपासून डोक्यात असण्याचा आहे.

आणि स्वारगेटचं उदाहरण तर काकूंच्या बाजूचं आहे! त्या वेळी विश्वासाने विचारता येईल असा एक ओळखू येणारा माणूस समोर असता, तर परक्याचं कशाला ऐकायचं? चहावाला, पेपरवाला, कुणीही. "ताई, फलटणची बस तिकडे लागत नाही" एवढं म्हणणारा.

रातपाळी | शनिवार, दुपारी १२:२०

आत्ता उठले, त्यामुळे उशिरा.

मी खराडीला सपोर्टमध्ये आहे, सहा वर्षं रात्रपाळी. पुण्यात कंपन्यांच्या कॅबचे नियम आकाशातून पडलेले नाहीत. २००७ मध्ये एका बीपीओतल्या मुलीचा तिला न्यायला आलेल्या कंत्राटी कॅबच्याच चालकाने साथीदाराबरोबर खून केला. २००९ मध्ये खराडीहून घरी निघालेल्या एका इंजिनिअरला लिफ्ट देऊन पळवून नेलं आणि मारलं. त्या खटल्यात तिघांना फाशी सुनावली गेली ती २०१७ मध्ये. त्याच वर्षी महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा आला. त्यात स्त्रीला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम द्यायचं तर तिची संमती हवी, सुरक्षेची सोय हवी आणि घराच्या दारापर्यंत वाहतूक हवी.

"दाराशी" हा शब्द महत्त्वाचा. प्रत्यक्षात काय होतं सांगते. शेवटचा ड्रॉप मुलीचा असेल तर गाडीत गार्ड असतो, ठीक. गाडी सोसायटीच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते, कारण आत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या आणि चालकाला रिव्हर्स घ्यायचा कंटाळा. घरात पोचल्यावर अ‍ॅपवर "पोचले" दाबायचं असतं. आमच्यातल्या निम्म्या जणी ते गाडीतच दाबतात, कारण चालक पुढच्या ट्रिपसाठी खोळंबलेला असतो आणि त्याचं तोंड बघवत नाही. कागदावर शंभर टक्के सुरक्षित ड्रॉप. शेवटचे दीडशे पावलं कुणाच्याच हिशेबात नाहीत.

आमच्या एका टीम लीडने साधा बदल केला: चालकाला थांबण्याचे दहा मिनिटांचे पैसे ट्रिपमध्येच धरले. मग तोच म्हणायला लागला, "मॅडम, जिन्यातला लाइट लागू द्या, मग जातो."

आणि हो, कार्यस्थळी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कंपनीने दिलेल्या वाहनालाही कार्यस्थळ मानतो. कॅबमध्ये काही झालं तर "ते ऑफिसबाहेर घडलं" असं एचआरने म्हणून चालत नाही. फार जणींना हे माहीत नसतं.

लास्ट_ऑर्डर | शनिवार, दुपारी ३:०५

परमिट रूममध्ये मॅनेजर आहे, शहराच्या पूर्व भागात. शिव्या खायला तयार होऊनच लिहितोय. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला पबमधून निघालेल्या मुलाच्या गाडीचा अपघात झाल्यापासून आमच्या धंद्याकडे सगळे कसे बघतात ते ठाऊक आहे.

दीडची वेळ आहे. सगळी ठिकाणं एकदम दीडला माणसं रस्त्यावर सोडतात. तोच खरा धोक्याचा अर्धा तास: रिक्षा नाही, कॅबचे भाडे तिप्पट, पिऊन झालेले पुरुष गेटवर. आम्ही दोन गोष्टी केल्या. संगीत एकला बंद, दिवे सव्वाला पूर्ण, म्हणजे लोक थोडे थोडे निघतात. आणि कॅब येईपर्यंत बाईमाणसाला गेटबाहेर उभं करायचं नाही. आत खुर्ची, पाणी, गाडीचा नंबर आमचा गार्ड वहीत लिहितो. मोठ्याने वाचून लिहितो, चालकाला ऐकू जाईल असा.

इंग्लंडमध्ये लिंकनशायरला २०१६ मध्ये सुरू झालेली एक पद्धत आहे. डेटवर आलेली मुलगी घाबरली तर काउंटरला जाऊन "अँजेला आहे का?" विचारते, स्टाफ समजून घेतो. आमच्या मालकांनी तसं पोस्टर बाथरूममध्ये लावलं. सहा महिन्यांत कुणीच अँजेलाला विचारलं नाही. उलट एका वेटरने, बीडचा पोरगा आहे, एकीचा चेहरा बघून आपणहून विचारलं, "ताई, टेबल बदलून देऊ का?" तेवढं पुरलं. पोस्टरपेक्षा पोराला घरून आलेली समज कामाची. पण प्रत्येकाला ती घरून येत नाही, म्हणून आता नव्या स्टाफला पहिल्या दिवशी हेच वाक्य शिकवतो.

एक गोष्ट कुणी विचारत नाही: आमच्या भांडी घासणाऱ्या मावश्या अडीचला निघतात. ग्राहकासाठी खुर्ची, त्यांच्यासाठी काय? तुमचा प्रतिसाद वाचला, रातपाळीताई. आमच्याकडे अजून टेम्पोच सोडतो त्यांना, भाजीचा. लाज वाटली.

रातपाळी | शनिवार, दुपारी ३:४०

लिहिलंत हे बरं केलंत. पण लाज वाटून भागणार नाही, गाडी बघा. कायद्यात "मॅडम" आणि "मावशी" असा फरक नाही.

भुर्जीपाव | शनिवार, सायंकाळी ७:१०

आमच्या वडिलांची स्टेशनजवळ भुर्जीची गाडी होती, आता भाऊ चालवतो. तुम्ही दुकानांचं बोलता, पण दहानंतर रस्त्यावर दिवा असतो तो गाडीवाल्याचाच. पोरी रिक्षाची वाट बघत गाडीशेजारी उभ्या राहतात. घेत काही नाहीत, आम्ही काही म्हणत नाही. आई गाडीवर असायची तेव्हा जास्त उभ्या राहायच्या.

मग गाडी उचलायचा ट्रक येतो. २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्याला प्रमाणपत्र, जागा सगळं दिलंय, कागदावर. रस्ता मोकळा करायचा म्हणून अकराला आम्हाला हाकलतात, बाराला त्याच कोपऱ्यावर चेन ओढली की पेपरात "निर्जन रस्ता" छापून येतं. निर्जन केला कुणी?

शनिवारातला | शनिवार, सायंकाळी ७:३२

मुद्दा मान्य, पण दुसरी बाजूही आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या गाड्यांनी फुटपाथ पूर्ण खाल्लाय. बायकांना रस्त्यावर उतरून चालावं लागतं, आणि गाड्यांभोवती जे टोळकं जमतं त्याला बघून माझी मुलगी लांबच्या रस्त्याने येते. दुकानदारही काही कमी नाहीत. बाहेर ठेवलेले फ्रीज, बोर्ड, कुंड्या.

भुर्जीपाव | शनिवार, सायंकाळी ७:४१

टोळकं गाडीवाल्याला पण नको असतं साहेब. ते एक प्लेट घेऊन दोन तास बसतं. गाडी भिंतीला लावायला जागा द्या, फुटपाथ मोकळा ठेवतो. आणि तुमच्या मुलीला कोण त्रास देतो ते गाडीवाल्याला नावानिशी माहीत असतं. एकदा त्याच्याशी बोलून बघा.

शनिवारातला | शनिवार, सायंकाळी ७:५५

बोलतो. (विनोद नाही.)

डीव्हीआर | शनिवार, रात्री ९:२०

कॅमेऱ्याचा विषय निघालाय म्हणून. मी बसवतो आणि दुरुस्त करतो. दहा दुकानांत जातो, त्यांतल्या चार-पाच ठिकाणी घड्याळ चुकलेलं असतं. वीज गेली, आतली बॅटरी संपलेली, तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षाची. असलं फुटेज घेऊन पोलीस काय करणार? रात्रीचे इन्फ्रारेड कॅमेरे किड्यांना खेचतात, किड्यांमागे कोळी येतो आणि बरोबर काचेवर जाळं विणतो. दिवसा दिसत नाही, रात्री सगळं चित्र पांढरं. महिन्यातून एकदा केरसुणीची काडी फिरवा, नवा कॅमेरा घेऊ नका.

@बघ्या, तुमचा राग रास्त आहे. पण पूर्ण डीव्हीआर द्यायची गरज बहुधा नसते. हव्या त्या वेळेचं फुटेज पेनड्राइव्हवर उतरवून, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यायचं. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्याआधी ६५ ब म्हणायचे ते हेच. आणि लगेच उतरवा. बहुतेक दुकानांत पंधरा-वीस दिवसांत जुनं पुसून त्यावर नवं चढतं. यंत्र न्यायचंच म्हणाले तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

आंध्रात २०१३ मध्ये कायदाच केला होता, जिथे एका वेळी शंभरावर माणसं जमतात तिथे कॅमेरे आणि तीस दिवसांचं फुटेज सक्तीचं.

ओसरी | शनिवार, रात्री ९:५५

कॅमेऱ्याबद्दल बायकांनाही विचारा की. आमच्या सोसायटीखालच्या दुकानदाराने "बघा कोण किती वाजता येतं" म्हणून एका मुलीचं फुटेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. हेतू काय, तर म्हणे काळजी. ती घर सोडून गेली. कॅमेरा रस्त्याकडे असावा, खिडक्या-गॅलऱ्यांकडे नाही, आणि बघण्याचा हक्क एकाच माणसाकडे. नाहीतर पाठलाग करणाऱ्याला बाइकसुद्धा लागायची नाही, घरबसल्या काम होईल.

डीव्हीआर | शनिवार, रात्री १०:०२

बरोबर. पासवर्डही बदला. निम्म्या ठिकाणी बसवणाऱ्याने ठेवलेलाच असतो, म्हणजे मलाही माहीत.

ओसरी | शनिवार, रात्री १०:०४

हे वाचून अधिकच बरं वाटलं. :-(

कोपरा_दुकान | रविवार, सकाळी १०:३०

नोकरीनिमित्त दोन वर्षं सोलमध्ये होते, तिथलं सांगते. तिथे चोवीस तास चालणारी छोटी दुकानं गल्लोगल्ली. २०१४ पासून शहराने त्यातली काही "आसऱ्याची दुकानं" म्हणून नेमली. दारावर ठळक खूण. आत शिरलं की काउंटरवरचा पोरगा पोलिसांना कळवतो. फोनचा रिसीव्हर नुसता उचलून बाजूला ठेवला तरी पोलिसांना लागतो, नंबर फिरवावा लागत नाही. गंमत म्हणजे तिथलाही पोलिसांचा नंबर ११२ च.

मला कधी गरज पडली नाही. पण घरी जाताना कुठल्या वळणावर ती खूण आहे ते पाठ होतं, आणि त्यामुळे मी रस्त्याच्या मधून चालायचे, भिंतीच्या कडेने नाही. आपल्याकडे चोवीस तासांचं दुकान म्हणजे काही मेडिकल आणि पेट्रोल पंप. २०१७ च्या कायद्याने दुकान रात्रभर उघडं ठेवता येतं, पण गिऱ्हाईक नसताना कोण ठेवील?

गुलटेकडी_पहाटे | रविवार, दुपारी १:१५

सगळे रात्री अकराचं बोलताय. आम्ही पहाटे साडेतीनला निघतो. मी आणि माझी जाऊ, मार्केट यार्डात भाजी घ्यायला. कॅब नाही, कंपनी नाही. झाडूवाल्या बायका, कचरा वेचणाऱ्या, दूध टाकणाऱ्या, सगळ्या याच वेळी रस्त्यावर.

आमचा आधार म्हणजे एक अमृततुल्य. चारला त्याची भट्टी लागते. आणि पेपर वाटणाऱ्या पोरांचा घोळका, गठ्ठे सोडत बसलेला. त्यांच्यापर्यंत पोचलं की जीव भांड्यात. चहावाल्याने एक बाक बाहेर टाकलाय, टेम्पो येईपर्यंत बसतो. लघवीची सोय मात्र कुठंच नाही. पाणी न पिता निघायचं. दुकानदारांनी काही करायचंच असेल तर ते करा. दिवा नंतर लावा.

झेरॉक्सकाकू | रविवार, दुपारी २:००

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या नऊ दुकानांत मिळून एक संडास आहे, मागच्या बोळात, त्याला कुलूप आणि किल्ली किराणावाल्याकडे. मलाच दिवसभरात मागायला संकोच वाटतो.

बघ्या | रविवार, दुपारी २:२०

डीव्हीआर यांचे आभार. पंचनाम्याची प्रत मागायची हे कुणी सांगितलं नव्हतं. कॅमेरा परत वळवायचा का, विचार करतो. वचन देत नाही.

फेज_न्यूट्रल | रविवार, रात्री ८:४५

काकू, मला वाटतं तुमच्या गल्लीला अकरापर्यंत नऊ दुकानं उघडी नकोत. एक पुरेल. मेडिकल बहुधा. बाकीच्यांनी दहाला एकदम बंद न करता पंधरा-पंधरा मिनिटांनी करा. मेडिकलवाल्याला त्याचा मोबदला म्हणून बाकीच्यांनी त्याच्या बाहेरच्या दिव्याचं बिल वाटून घ्या. पैसे किरकोळ आहेत, पण "गल्लीने मला नेमलंय" असं त्याला वाटेल.

लास्ट_ऑर्डर | रविवार, रात्री ११:५०

आणि मेडिकलमधल्या पोराला आधीच सांगून ठेवा. मुलगी आत आली तर "काय झालं?" असं दहा प्रश्न विचारायचे नाहीत. बसवायचं, दिवा, पाणी, ११२ लावायचा की घरी, हे तिलाच विचारायचं. पाठलाग करणाऱ्याच्या अंगावर धावून जायचं नाही. गाडीचा नंबर लिहायचा. हिरो झालेला स्टाफ मी दवाखान्यात पोचवलाय.

झेरॉक्सकाकू | पाच आठवड्यांनंतर, मंगळवार, रात्री १०:१५

मंडळी, वृत्तान्त देते.

मेडिकलवाले सव्वाअकरापर्यंत थांबायला तयार झाले, शनिवार-रविवार सोडून. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दहानंतर औषधं कमी आणि सॅनिटरी पॅड, मोबाइल रिचार्ज, बिस्किटं जास्त खपतात, म्हणजे तोटा नाही. डेअरी साडेदहा. सलूनवाल्याने शनिवार घेतला. रविवार अजून मोकळाच आहे. पोळीभाजीवाल्या वहिनी स्पष्ट नाही म्हणाल्या: "मी पहाटे पाचला उठते, मला कोण सोडणार घरी?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, मी पण गप्प बसले. मोबाइल रिपेअरिंगवाला म्हणाला बघू. त्याचं बघू म्हणजे नाहीच.

सीट_क्र_४२, तुमच्या अभ्यासिकेतल्या काकांची युक्ती मी क्लासवाल्या सरांना सांगितली. आमच्या वरच्या मजल्यावर त्यांची बॅच साडेनऊला सुटते. आता ते विचारतात.

खांबाच्या नंबरासकट तक्रार केली. तिसऱ्या फेरीला माणूस बरोबर गल्लीत आला, दोन फांद्या छाटायची परवानगी झाली, त्यांतली एक छाटली. जी छाटली ती दिव्यासमोरची नव्हती. पुन्हा लिहिलंय.

आमचा डीव्हीआर सत्तेचाळीस मिनिटं मागे निघाला. सुधारला. काचेवर कोळीही होता, केरसुणीची काडी फिरवली.

मागच्या बोळातल्या कुलपाच्या दोन किल्ल्या जास्तीच्या करून घेतल्या. एक मेडिकलमध्ये असते, एक सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना दिली. किराणावाले आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

पांढऱ्या बुटांची ती पोरगी परवा येऊन गेली, पासपोर्टच्या झेरॉक्स काढायला. अर्ज भरायला पेन मागितलं. तेच पेन घरी राहिलं होतं म्हणे.

आणि ९ वॅटचे दोन एलईडी लावले होते, त्यातला एक चौथ्या रात्री गेला. गेला म्हणजे उडाला नाही, होल्डरसकट गेला.

शनिवारातला | मंगळवार, रात्री १०:२२

पुणेरी पाटी लावा तिथे. "चोरांनी बल्ब नेताना सेन्सरही न्यावा, नुसत्या बल्बचा उपयोग नाही."

फेज_न्यूट्रल | मंगळवार, रात्री १०:३०

जाळीचा पिंजरा मिळतो, स्क्रूवाला. पाठवून देऊ? कोणी नेला काही कळलं का?

झेरॉक्सकाकू | मंगळवार, रात्री १०:४१

कळलं की. इस्त्रीवाल्याच्या टपरीवर लागलाय, बोळाच्या तोंडाशी. तिथे पूर्वी कधीच दिवा नव्हता. मागितला नाही. पिंजरा एकच पाठवा, पण टपरीच्या मापाचा.